शुद्धिपत्राची भाषा : संशोधनातील लबाडी आणि विद्याविषयक नियतकालिके

जुन्या मराठी ग्रंथांना जोडलेले शुद्धिपत्र हा ग्रंथकार व वाचक यांच्यातील एक सरळ व्यवहार असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध व शुद्ध असे त्याचे चार रकाने असत. चूक कोठे झाली आणि तेथे काय वाचावे, एवढेच ते सांगे. चूक ग्रंथकाराची की जुळाऱ्याची, याचा निवाडा होईपर्यंत ते थांबून राहत नसे. विद्याविषयक नियतकालिकांवर आज साध्या चुकांप्रमाणेच संशोधनातील लबाडीचीही वार्ता वाचकाला देण्याची पाळी येते. त्यासाठी त्यांनी जी निवेदनाची भाषा घडविली आहे, ती मात्र या शुद्धिपत्राच्या नेमक्या उलट दिशेने गेलेली दिसते.

या निवेदनांचे मुख्य प्रकार तीन : दुरुस्ती, साशंकतेचे निवेदन आणि निबंध मागे घेतल्याची घोषणा. ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९९७ मध्ये प्रकाशननीतीविषयी एक समिती स्थापन केली. पुढे तिला आंतरराष्ट्रीय रूप आले. २००९ मध्ये तिने निबंध मागे घेण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. निबंध मागे घेण्याचा हेतू प्रकाशित वाङ्मय शुद्ध राखणे हा आहे, लेखकाला शासन करणे हा नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तत्त्व निर्विवाद आहे. पण व्यवहार त्याला धरून चालत नाही. ‘हे विधान विश्वसनीय आहे काय?’ आणि ‘याचा कर्ता दोषी आहे काय?’ हे दोन प्रश्न मुळात भिन्न. नियतकालिके त्यांची सांगड घालतात आणि दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्यासंबंधी मौन धरतात.

‘द लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकाचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यात अँड्र्यू वेकफिल्ड व इतर बारा जणांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बारा मुलांच्या तपासणीवर तो आधारलेला होता. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लस, आतड्यांचा विकार आणि स्वमग्नता यांच्यात काही संबंध असावा, अशी शंका त्याने निर्माण केली. फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रायन डीअर या पत्रकाराने या निबंधाविषयीचे गंभीर आक्षेप संपादकांपुढे मांडले. संपादकांनी लेखकांकडून व संबंधित वैद्यकीय विद्यालयाकडून उत्तरे मागविली. वेकफिल्ड यांनी आपला आर्थिक हितसंबंध आधी उघड करावयास हवा होता, हे संपादकांनी मान्य केले. मुलांची निवड व नीतिसमितीची संमती यांविषयीचे आक्षेप मात्र अग्राह्य ठरविले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांचीच आणि त्यांच्या संस्थेची साक्ष येथे पुरेशी मानली गेली.

मार्च २००४ मध्ये तेरांपैकी दहा लेखकांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याची शब्दयोजना लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. लस व स्वमग्नता यांत कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नव्हता, कारण सामग्री अपुरी होती. तथापि तशी शक्यता उपस्थित केली गेली आणि त्याचे सार्वजनिक आरोग्यावर मोठे परिणाम झाले. म्हणून निष्कर्षांवर लावला गेलेला अर्थ मागे घेण्यात येत आहे, असा त्याचा आशय. शक्यता कोणी उपस्थित केली? अर्थ कोणी लावला? मूळ इंग्रजी वाक्यांतील कर्मणी रचनेने या प्रश्नांच्या उत्तराला वाक्याबाहेर जाण्याची वाट करून दिली आहे. वस्तुतः स्वाक्षरी करणारे दहाही जण मूळ निबंधाचे लेखकच होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे माघारीचे कारण म्हणून निबंधातील दोष दाखविलेला नाही, त्याचे परिणाम दाखविले आहेत. अर्थ मागे घेतला गेला. ज्या तपशिलांवर तो उभारला होता, ते अंकात जसेच्या तसे राहिले.

ते तपशील आणखी सहा वर्षे तसेच राहिले. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने २८ जानेवारी २०१० रोजी आपले निष्कर्ष जाहीर केले आणि २ फेब्रुवारीस ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी संपूर्ण निबंध मागे घेतला. मुले क्रमाने जशी आली तशी घेतली होती आणि तपासण्यांना नीतिसमितीची संमती होती, ही दोन विधाने खोटी ठरली आहेत, असे त्या घोषणेत म्हटले आहे. म्हणजे २००४ मध्ये अग्राह्य ठरविलेले आक्षेपच २०१० मध्ये ग्राह्य ठरले. घोषणेत याचा निर्देश ‘पूर्वीच्या चौकशीच्या निष्कर्षांविरुद्ध’ अशा अर्थाच्या एका पदबंधाने उरकला आहे. ती चौकशी कोणाची, ती फसली कशी आणि तिच्यावर विसंबून कोण राहिले, यांविषयी ही घोषणा काही सांगत नाही. लेखकांच्या असत्याची नोंद झाली. संपादकांच्या चुकीच्या निर्णयाची नोंद एका विशेषणात दडली.

येथे आणखी एक विसंगती आहे. जनरल मेडिकल कौन्सिलपुढील प्रश्न वैद्यांच्या वर्तनाचा आणि व्यवसाय करण्याच्या त्यांच्या पात्रतेचा होता. निबंधातील विधाने वाचकाने ग्राह्य मानावीत की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे मुख्यत्वे नव्हताच. तो नियतकालिकाचा होता, आणि त्याचे उत्तर नियतकालिकाने परक्या न्यायासनावर सोपविले. या विलंबाचे मोल केवळ विद्याक्षेत्रापुरते राहिले नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये सुमारे ९२ टक्के बालकांना ही लस मिळत होती. २००३-०४ मध्ये ते प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवर उतरले, आणि २००८ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये गोवर पुन्हा स्थानिक रोग बनल्याचे जाहीर करावे लागले. या घसरणीला वृत्तपत्रांचा गदारोळ व राजकारण्यांचे वर्तन हीही कारणे होतीच. परंतु निबंध अंकात अबाधित असेपर्यंत शंका घेणाऱ्याला एक प्रतिष्ठित आधार उपलब्ध होता, हे नाकारता येत नाही.

संपादकांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. प्रयोगशाळेची कपाटे उघडण्याचा अधिकार त्यांना नाही. आरोप मत्सरातून आलेला असू शकतो. आरोपीलाही आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. बदनामीच्या खटल्याची भीतीही खरी आहे. ‘बीएमजे’ने १९९२ मध्ये भारतातील एका चाचणीवरील निबंध प्रसिद्ध केला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या आहाराचा तो अभ्यास होता. पुढे त्या संशोधकाच्या कामाविषयी शंका निर्माण झाल्या. मूळ नोंदी मागितल्या असता त्यांतील काही वाळवीने खाल्ल्याचे सांगण्यात आले. चौकशी हाती घेणारी संस्था संपादकांनी अनेक वर्षे शोधली. ती मिळाली नाही. अखेर जुलै २००५ मध्ये नियतकालिकाने या प्रयत्नांचा साद्यंत वृत्तांत, आकड्यांचे एक संख्याशास्त्रीय परीक्षण आणि साशंकतेचे निवेदन ही तिन्ही एकत्र प्रसिद्ध केली. विलंब येथेही तेरा वर्षांचा आहे. पण निवाड्यावाचूनही वाचकाला सत्यस्थिती सांगता येते, हे त्याच अंकाने सिद्ध केले. जे २००५ मध्ये शक्य झाले, ते पहिली सबळ शंका आली तेव्हा अशक्य का असावे?

याच्या उलट ‘सायन्स’मधील ह्वांग वू-सुक प्रकरण पाहावे. मूलपेशींविषयीचे त्यांचे निबंध २००४ व २००५ मधील. डिसेंबर २००५ मध्ये कोरियातील तरुण संशोधकांनी छापलेल्या छायाचित्रांतील पुनरावृत्ती दाखवून दिली. सोल राष्ट्रीय विद्यापीठाने १० जानेवारी २००६ रोजी अंतिम अहवाल दिला आणि दोनच दिवसांनी दोन्ही निबंध मागे घेण्यात आले. विद्यापीठाने कर्तव्य तत्परतेने केले, की नियतकालिकाचे काम सोपे होते, हा याचा एक अर्थ. पुनरावृत्तीचा पुरावा मात्र छापील पानावर होता आणि तो वाचण्यास कोणतेही कपाट उघडावे लागत नव्हते, हा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे.

निवेदनांची संदिग्ध भाषा ही निव्वळ शैलीची बाब नव्हे. फँग, स्टीन व कासादेव्हाल यांनी २०१२ मध्ये जीववैद्यक शास्त्रांतील मागे घेतलेल्या २,०४७ निबंधांचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांत ६७.४ टक्के निबंधांच्या मुळाशी गैरवर्तन आढळले. केवळ चुकीमुळे मागे घेतलेले निबंध २१.३ टक्के होते. अपुऱ्या व दिशाभूल करणाऱ्या घोषणांमुळे लबाडीचे प्रमाण पूर्वी कमी मानले गेले होते, असेही त्यांनी दाखविले. तात्पर्य, घोषणेतील एका वाक्याचा कर्ता गाळला, की एका निबंधाची नोंद चुकीच्या खात्यात जाते. अशा शेकडो वाक्यांतून सबंध विद्याक्षेत्राचे स्वतःविषयीचे ज्ञानच सदोष होते.

भारतीय विद्यापीठांना हा विषय दूरचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांचा विषय वाङ्मयचौर्य हा आहे. मजकुरातील साम्य १०, ४० व ६० टक्क्यांच्या मर्यादांनी मोजून ते दोषाच्या पायऱ्या ठरवितात आणि चौकशी विभागाच्या व संस्थेच्या समित्यांकडे सोपवितात. रचलेले आकडे मात्र कोणाच्याही मजकुराशी जुळत नाहीत; साम्य मोजणाऱ्या यंत्राला ते निर्दोषच दिसणार. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची जी सूची चालविली होती, तिच्या कामाचे एक केंद्र पुणे विद्यापीठात होते. ती सूची फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि नियतकालिकांची पारख करण्याचा भार संस्थांवर आला.

ही पारख करताना प्रत्येक विभागाला एक कसोटी सहज लावता येईल. नियतकालिकाने मागील काही वर्षांत प्रसिद्ध केलेली दुरुस्तीची व माघारीची निवेदने काढून वाचावीत. कोणते विधान बाधित झाले, त्यात दोष काय, तो कोणी व केव्हा दाखविला, संपादकांना तो कधी कळला, आणि निबंधातील कोणता भाग अद्याप ग्राह्य आहे, या प्रश्नांची उत्तरे त्यांत मिळतात काय, हे पाहावे. लेखकाच्या अपराधाचा निवाडा त्यांत नसला तरी चालेल. तो संस्थेने सवडीने व न्यायाने करावा. पण वाचकाला काय वाचावे आणि काय वाचू नये, हे सांगण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जे नियतकालिक अशी एकही दुरुस्ती छापत नाही, त्याला निर्दोष समजण्याची घाई तर मुळीच करू नये.