खांब राहिले, सोपा गेला

जुने घर पाडून नवे बांधणे सोपे आणि जुने घर राखून त्याला नवे करणे अवघड, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हे अवघड काम आपल्याकडे बहुधा वाईट रीतीने होते, असे आमचे मत बनत चालले आहे. पाडणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची निदान जाणीव असते. राखणारा मात्र पुष्कळदा घर राखल्याच्या समाधानातच घर घालवून बसतो. विधान कठोर आहे. म्हणून एका प्रत्यक्ष घराच्या आधारे ते तपासून पाहू. हे घर विट्यातील आहे. कुटुंब आमच्या परिचयाचे, आमच्या धर्मग्रामातले नव्हे. त्यांनी घर मोठ्या हौसेने दाखविले आणि मतही मोकळेपणाने विचारले, म्हणूनच त्यावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. हा मुलूख पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील ही भूमी. पाऊस थोडा, ऊन कडक. गावाचे नाव विटा असले तरी तेथील जुन्या घरांत भाजलेली वीट फारशी आढळत नाही. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच हात जाड, आणि वर माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. ही माती पाणी आत उतरू देत नाही. मात्र दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून ती चोपावी लागते. उन्हाळ्यात अशा घरात शिरताच अंगाला गारवा लागतो. तो केवळ त्या जाड भिंतींचा आणि वरच्या मातीचा असतो.

घराची मांडणीही ठरलेली. जोत्यावर पुढे सोपा, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परस. सोप्याला पुढून भिंत नाही; खांब, तुळया आणि त्यांमधले मोकळे खण. बाहेरचा आणि घरातला यांची गाठ पडायची ती येथे. धान्य निवडणे, हिशेब, सोयरिकीची बोलणी, दुपारची झोप, सारे याच जागी. कोनाड्यात दिवा, भिंतीत देवळी, धान्यासाठी भिंतीतच बांधलेले बळद.

आता नूतनीकरण पाहू. माळवद काढून सिमेंटचा स्लॅब टाकला आहे. मातीच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा दिला आहे. सोप्याचे सागवानी खांब तासून, घासून, पॉलिश करून चकचकीत केले आहेत आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या खणांत ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसविल्या आहेत. आत वातानुकूलन यंत्र आले. बळद फोडून तेथे कपाट झाले. देवळीत दूरदर्शन संच बसला आणि देव संगमरवरी देव्हाऱ्यात गेले. कोरीव चौकट तेवढी जागच्या जागी आहे. तिच्यावर छोटे दिवे सोडले आहेत. येणारा प्रत्येकजण प्रथम त्या चौकटीची आणि खांबांची स्तुती करतो, आणि ती अस्थानी नाही. लाकूडकाम खरोखर देखणे आहे.

जे चांगले झाले ते आधी सांगितले पाहिजे. स्वयंपाकघरात उजेड आला. ओटा आला, धूर गेला. ज्यांनी चुलीपुढे डोळे चोळत आयुष्य काढले त्यांच्यासमोर जुन्या स्वयंपाकघराचे गोडवे गाण्याचा अधिकार कोणाही पुरुष लेखकाला नाही, धर्मगुरूला तर मुळीच नाही. न्हाणीघर आणि शौचालय घरात आले. म्हाताऱ्या माणसाला रात्री परसात जावे लागत नाही. हे बदल करूनही जुने घर जुनेच राहिले असते. त्यांवर आमचा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो सोप्याबद्दल. खांब राहिले, पण खांब ज्यासाठी होते ती मोकळी जागा गेली. सोपा आता काचेआडची बैठक झाला आहे. तेथे जायचे तर घंटा वाजवावी लागते. घरातील आजी दुपारी शेजारणींशी बोलायला बाहेरच्या पायरीवर बसतात, कारण काचेतून बोलता येत नाही. घराची वैशिष्ट्ये राखली, असे घरमालक म्हणाले. आमच्या मते त्यांनी वस्तू राखल्या. वैशिष्ट्य म्हणजे खांब नव्हे, तर त्या खांबांनी तोलून धरलेला उघडेपणा. खांब शोभेचे करायचेच असतील, तर पाडलेल्या वाड्यांचे खांब बाजारात विकत मिळतात आणि हॉटेलांच्या दारांत उभेही केलेले दिसतात. मग वडिलांचे घर आणि हॉटेल यांत फरक तो काय उरला?

स्लॅब आणि गिलाव्याचा प्रश्न निराळा आहे; तेथे सौंदर्यापेक्षा जिवाचा संबंध येतो. माळवद काढले याबद्दल घरमालकाला दोष देणे सोपे, पण त्याने भूकंप पाहिला आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या भागाच्या स्मरणातून गेलेला नाही; आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची माती यांखाली गाडली गेली. तेव्हापासून साऱ्या देशावर माळवदाविषयी भीती बसली. ती भीती खरी आहे. परंतु तिच्यावर शोधलेला उपाय खरा आहे काय? मातीत रचलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा जड स्लॅब ठेवणे म्हणजे पूर्वीचे ओझे काढून दुसरे, अधिक ताठर ओझे त्याच दुबळ्या खांद्यांवर देणे होय. किल्लारीनंतर दुरुस्तीचे जे शास्त्रीय मार्गदर्शन झाले आणि त्याच वर्षी निघालेल्या भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा कमी ताकदीच्या भिंतींविषयी जे सांगितले आहे, त्याचा रोख वेगळा आहे : छपराचे वजन कमी करा, भिंतीच्या दोन थरांना सांधणारे आरपार दगड घाला, भिंतींना सभोवार पट्टा बांधा, खांब आणि तुळई यांच्या कोनांत तिरपे आधार द्या. ही कामे दिसत नाहीत. पाहुण्याला दाखविता येत नाहीत. म्हणून ती होत नाहीत, असा आमचा समज आहे.

सिमेंटच्या गिलाव्याचेही तसेच. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो. सिमेंट ते अडविते. ओल आत कोंडते, क्षार वर येतात, आणि काही पावसाळ्यांनंतर गिलावा मातीचा थर बरोबर घेऊन खाली येतो. मग दोष मातीला दिला जातो. चुना भिजवून मुरवणे, घाणीत मळणे, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालणे, हे जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत आणि त्यांची मजुरी जास्त आहे, ही अडचण आम्ही नाकारीत नाही. तरी ज्या घरात संगमरवरी देव्हारा येऊ शकतो तेथे चुना परवडत नाही, हे पटणे कठीण.

सोप्याची एवढी महती गाताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. हा सोपा सर्वांना सारखा उघडा कधीच नव्हता. कोणी जाजमावर बसायचे, कोणी जोत्याच्या कडेला, आणि कोणी खाली अंगणात उभे राहूनच बोलायचे, हे जातीवरून ठरत असे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी असे सोपे अंगणातूनच पाहिले आहेत. त्यांच्या नातवंडांनी सोप्याबद्दल हळहळावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आमचे उत्तर असे की, ज्या काळात सोप्यावर कोणीही येऊन बसू शकेल अशी निदान शक्यता निर्माण झाली, नेमक्या त्याच काळात तो काचेने बंद झाला. जुनी मांडणी राखायची ती जुन्या रीतीसाठी नव्हे. जागा राखावी आणि रीत टाकावी, एवढा विवेक नूतनीकरण करणाऱ्याला असला पाहिजे.

तुलनेसाठी गोव्याकडे वळू, कारण जुन्या घरांविषयी तेथे पुष्कळ लिहिले आणि केले गेले आहे. तेथे बाल्कांवावरील बांधीव बाकाला सोपो म्हणतात. देशावरच्या सोप्याशी त्याचे केवळ नाव जुळत नाही, कामही जुळते. १९९९ मध्ये हेता पंडित आणि ॲनाबेल मास्कारेन्यस यांचे ‘हाऊसेस ऑफ गोवा’ हे पुस्तक निघाले. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी तोर्डा येथे याच विषयाचे संग्रहालयही उभारले. गोव्यातील हिंदू घर राजांगणाभोवती आत वळलेले आणि ख्रिस्ती घर बाल्कांवातून रस्त्याकडे पाहणारे, ही त्या घरांची ओळख आता सर्वमान्य आहे. म्हणजे घराची ओळख सांगताना अभ्यासक शिंपल्यांच्या खिडक्यांवर थांबत नाहीत, घराचे तोंड कोठे आहे ते पाहतात. विट्याच्या घराला हीच कसोटी लावली, तर ते घर आता कोठेच पाहत नाही.

केपे येथील डीनचा वाडा, पालासिओ दो देआंव, हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे काम आहे. जुझे पावलु द आल्मैद या धर्माधिकाऱ्याने तो १७८७ मध्ये बांधला. समोर पवित्र क्रुसाचे चर्च, मागे कुशावती नदी, भोवती बाग. पुढे काही काळ तेथे निराधार स्त्रियांना आश्रय मिळे. मोडकळीस आलेला हा वाडा एका गोमंतकीय दांपत्याने सुमारे तीन वर्षे खपून उभा केला आणि पाहुण्यांसाठी खुला केला. जाणकार याच्या खिडक्या आणि सामान यांची वाखाणणी करतात. आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते हे की, घर, चर्च आणि नदी यांचा परस्परांशी असलेला संबंध तुटू दिलेला नाही. पाहुण्यांना पैसे घेऊन घर दाखविण्याला काही वाचक नाक मुरडतील. ज्या वाड्याने निराधार स्त्रियांना आसरा दिला त्याने परक्यांना दार उघडावे, यात आम्हांला तरी विसंगती दिसत नाही.

हा विचार ख्रिस्तसभेला नवा नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जुन्या स्मारकांचा समाजाला उपयोग व्हावा, असे म्हणतानाच त्या उपयोगासाठी मांडणी बदलू नये, असे बंधन घातले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेच्या सुधारणेचे निमित्त करून ठिकठिकाणी वेद्या आणि मूर्ती हलविल्या-मोडल्या गेल्या, तेव्हा रोममधील धर्मगुरूविषयक मंत्रालयाला ११ एप्रिल १९७१ च्या परिपत्रकात खेद व्यक्त करावा लागला. तेव्हा सुधारणा चुकीची होती काय? मुळीच नाही. तिच्या नावाखाली उतावीळपणा झाला. कुटुंबांतही तेच घडते. जुन्या घराच्या देवळीतील पवित्र हृदयाची तसबीर नव्या बैठकीच्या रंगाला शोभत नाही म्हणून माळ्यावर जाते, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची जागाच घरातून नाहीशी होते. जागा गेली की प्रार्थनाही हळूहळू जाते, हे घरोघर फिरणाऱ्या धर्मगुरूला वेगळे सांगावे लागत नाही.

१९८४ च्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात नव्या घराच्या आशीर्वादाविषयी एक नियम आहे : त्या घरात राहणारी माणसे उपस्थित नसतील तर विधी करू नये. भिंतींना आशीर्वाद नसतो. असतो तो राहणाऱ्यांना. हा नियम विट्याच्या घरांना लावला की आमच्या टीकेलाही मर्यादा पडते. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील असंख्य कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पसरली आहेत. गावातील घर वर्षभर कुलपात; जत्रेला किंवा लग्नाला चार दिवस उघडते. अशा घराला मोकळा सोपा ठेवा म्हणणे म्हणजे कुत्र्या-मांजरांना बैठक देणे, असे एक गलाई व्यावसायिक आम्हांला हसत म्हणाले. त्यांचे चुकले असे आम्हांला म्हणता आले नाही. बंद घरासाठी काच नव्हे, तर काढता-घालता येणाऱ्या लाकडी फळ्या हा जुनाच मार्ग आहे. दुकानांना तशा फळ्या असत. घर उघडले की सोपा उघडेल. हे एवढे सुतारकाम त्या सुंदर खांबांच्या पॉलिशपेक्षा महाग पडले नसते.

राहता राहिली वाटणी. विट्यातील या घराचे तीन वारस आहेत आणि पुढेमागे वाटणी होणार, हे घरातील सर्वजण जाणतात. आपल्याकडे वाटणीची भिंत पहिल्यांदा येते ती सोप्यातच, कारण तेथे खण मोजायला सोपे : दोन खण तुझे, दोन माझे. गोव्यातील चांदर येथे मेनेझिस ब्रागांझा आणि ब्रागांझा परेरा या दोन शाखांनी एकच प्रचंड घर वाटून घेतले आहे. एका अंगाला ग्रंथालय, दुसऱ्या अंगाला खाजगी प्रार्थनामंदिर. दोन्हींची निगा सारखी नाही, हे कोणालाही दिसते. पण प्रवेश एकच आहे, आणि चौकातून पाहणाऱ्याला आजही एकच घर दिसते. वाटणी आत झाली, दर्शनी बाजूला नाही. विट्यातील तिघा भावांपुढे काच काढण्याचा प्रश्न आज नसला तरी वाटणीची भिंत कोठे घालायची हा प्रश्न येईलच. ती माजघरात घातली आणि सोपा तिघांत सामाईक ठेवला, तर कागदोपत्री थोडी कटकट होईल, खर्च मात्र एका भिंतीचाच होईल.