उद्दीपनक्षम माध्यमांतील तरंग : संगणकीय प्रतिमाने

पुरेशी चेतना मिळताच उद्दीपित होणारे व त्यानंतर काही काळ प्रतिसाद न देणारे माध्यम म्हणजे उद्दीपनक्षम माध्यम. हृदयाचा स्नायू व बेलौसॉव्ह-झाबॉटिन्स्की रासायनिक विक्रिया ही त्याची उदाहरणे होत. मिठबावच्या पुळणीवर समुद्राच्या दोन लाटा एकमेकींना छेदून पुढे जातात. कोकणातील सड्यावर वाळल्या गवतात समोरासमोर आलेले दोन वणवे मात्र जागीच विझतात. या तरंगांची जात वणव्याची. फक्त येथे गवत लगेच पुन्हा उगवते.

ग्रीनबर्ग व हेस्टिंग्ज यांचे १९७८ चे प्रतिमान बुद्धिबळाच्या पटासारखे आहे. प्रत्येक घर शांत, उद्दीपित वा प्रतिसादशून्य असते. शेजारचे घर पेटले की शांत घर पेटते. एवढ्या सामग्रीतून सर्पिल तरंग उमटतात, ही त्याची खरी किमया. परंतु चार शेजारी धरल्यास तरंगाग्र पत्त्यांतील चौकटीसारखे दिसते. तो आकार माध्यमाचा नव्हे, पटाचा. प्रत्यक्षात बहिर्वक्र तरंगाग्र सपाटापेक्षा मंद चालते व सर्पिलाचे फिरणे त्यावर अवलंबून असते. गेरहार्ट, शूस्टर व टायसन यांनी १९९० मध्ये शेजाराची व्याप्ती वाढवून हा दोष पुष्कळसा दूर केला.

ओबडधोबड प्रतिमान निरुपयोगीच असते असे मात्र नाही. मो, राइनबोल्ट व ॲबिल्डस्कोव्ह यांनी १९६४ मध्ये घटकांचे प्रतिसादशून्य काळ विषम ठेवून, हृदयाच्या अलिंदांचे विस्कळित कंपन अनेक भटक्या तरंगांवर टिकू शकते, असे दाखविले. ॲलेसी व सहकाऱ्यांना १९८५ मध्ये कुत्र्याच्या हृदयात तसे तरंग आढळले. रुग्णाच्या हृदयात मूळ कारण असे अनेक तरंग की एखादाच वेगवान सर्पिल, हा वाद अद्याप मिटलेला नाही.