रथ कुठे आहे?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवायला हृदय कमी पडतं, अंगात पाणी साचतं, दम लागतो. रुग्ण घरी येतो आणि पुष्कळदा थोड्याच आठवड्यांत पुन्हा इस्पितळात जातो. यावर उपाय म्हणून ‘बहुशाखीय उपचार’ हा शब्द आज सर्रास ऐकू येतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे शब्द तपासल्याशिवाय खिशात टाकायचा नाही, ही जुनी खोड.

१९९५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमधून मायकेल रिच आणि सहकाऱ्यांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सत्तरी गाठलेले वा ओलांडलेले २८२ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नर्सकडून शिकवणी, आहारतज्ज्ञ, समाजसेवकांचा सल्ला, औषधांची फेरतपासणी, आणि घरी गेल्यावर भेटी व फोन. नव्वद दिवसांत हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचे प्रसंग ५४ ऐवजी २४ झाले. तरीही नीट वाचा: पुन्हा भरती न होता जगलेले रुग्ण १४२ पैकी ९१ आणि १४० पैकी ७५. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा ठरला नाही.

पुढे २००८ साली नेदरलँड्समधल्या १०२३ रुग्णांच्या चाचणीत खास नर्सची जादा मदत देऊनही मृत्यू आणि पुन्हा भरती यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. मग पथक निरुपयोगी का? तसं नाही. तिथे तुलनेतल्या रुग्णांनाही हृदयतज्ज्ञाची नियमित तपासणी मिळत होतीच. ‘पथकाचा उपयोग होतो का?’ हा प्रश्नच अर्धा आहे. कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

इथे आम्हाला मिलिंदप्रश्नातला नागसेन आठवतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. आणि हे सगळं वगळून वेगळा रथही सापडत नाही. पथकाचंही तसंच. पाच तज्ज्ञ नेमले म्हणजे पथक झालं, असं समजणं म्हणजे सुट्या चाकांच्या ढिगाला रथ म्हणणं.

आमच्या धाकट्या बंधूंच्या बाबतीत आम्ही हे पाहिलं. हृदयाचे डॉक्टर होते, किडनीचे होते, आहारतज्ज्ञही होत्या. एकांनी लघवीची गोळी कमी केली, दुसऱ्यांना ते कळलं नाही. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा, असं सांगितलं होतं. बंधू इमानानं लिहीत होते. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढलं तर लगेच कळवावं, असा साधा नियम आहे. वहीत तीन किलो वाढ स्पष्ट दिसत होती. पण वही वाचणारं कुणी नव्हतं, आणि कळवायचं कुणाला, हेही कुणी सांगितलं नव्हतं. मध्यरात्री दम लागला तेव्हा ती वही आम्ही पहिल्यांदा उघडली.

म्हणून आमचा आक्षेप पथकाला नाही, मोजदादीला आहे. किती शाखा आल्या हे मोजलं जातं. दोन शाखांमधला निरोप कोण पोचवतो, हे मोजलं जात नाही. आपल्याकडे ते काम बहुधा घरातली सून किंवा मुलगी करते, न शिकवता आणि न विचारता.

घरचं माणूस इस्पितळातून सोडतील तेव्हा एवढंच विचारा: ही वही कोण वाचणार, आणि त्यांचा फोन नंबर काय? उत्तरात एक नाव मिळालं, तर रथ आहे.