वारंगा फाट्यावरचा वाद : प्रल्हाद शिंदे यांच्या एका गाण्याविषयी

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर फुटतो. एक हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून विदर्भात. तिथली खिचडी खाल्ल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही, अशी आमच्या भागातली रीत आहे. गेल्या आषाढात नांदेडचे एक चर्चासत्र आटोपून मी आणि माझे चार विद्यार्थी तिथे थांबलो होतो. शेजारच्या टपरीवर भोंगा लागला होता. गाणे होते 'पाऊले चालती पंढरीची वाट'. आवाज अर्थातच प्रल्हाद शिंदे यांचा.

चौघेही या आवाजावर वाढलेले. जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नात, वस्तीतल्या पहिल्या टेपवर त्यांनी तो ऐकलेला. पण हे गाणे लागले आणि ताटे पुढे असतानाच वाद पेटला. एकजण म्हणाला, "सर, आवाज आपला हाय, गाणं आपलं न्हाई. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातला माणूस विठ्ठल कसा गातो?" दुसरा उसळला, "आन् पोट कशावर भरायचं? समाजानं त्यांना काय दिलं ते सांग आधी." तिसऱ्याने तोडगा काढला : बाबासाहेबांनीच पंढरपूरची मूर्ती बुद्धाची म्हटली आहे, मग गाणे बुद्धाचेच झाले. चौथी मुलगी बराच वेळ गप्प होती. ती शेवटी म्हणाली, "तुम्ही सगळे त्यांच्यावर बोलायलेत. गाण्यात काय हाय, ते कुणी ऐकलं का?"

तिच्या प्रश्नाने मी अडचणीत आलो. मी साहित्य शिकवतो. कवितेची संहिता वाचल्याशिवाय मत देऊ नका, असे वर्गात रोज सांगतो. आणि या गाण्याविषयीचे माझे मत मात्र गेली पंधरा-सोळा वर्षे न ऐकताच बनलेले होते.

आधी गायकाकडे पाहू. प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या फडावर तयार झालेले गायक. रात्र-रात्र चालणाऱ्या मुकाबल्यात मागच्या ओळीतल्या माणसापर्यंत शब्द पोहोचवायचा, ही त्या फडाची अट. म्हणून त्यांचा आवाज चढा, मोकळा, आणि शब्द धारदार. मैफलीच्या दिवाणखान्यात घडलेला हा आवाज नाही. याच गळ्याने भीमगीते आणि कव्वाल्या गायल्या, याच गळ्याने विठ्ठलाची आणि इतर देवांची गाणी गायली. आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी आणि पुढे नातवंडांनी हा वारसा चालवला. प्रल्हाददादा २००४ साली गेले. त्याच वर्षी, थोड्याच दिवसांपूर्वी, वामनदादा कर्डक गेले होते. वामनदादांनी आयुष्यभर चळवळीचा शब्द लिहिला आणि गायला. प्रल्हाददादांचा गळा दोन्ही वाटांनी गेला. आपल्या समाजाने एकाला लोककवी म्हणून डोक्यावर घेतले आणि दुसऱ्यावर प्रेमही केले, रागही धरला.

तो राग निराधार नाही. आंबेडकरी जलशाने तमाशाचे बंध वापरले, पण गणात गणपतीऐवजी बाबासाहेबांना वंदन केले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी केलेला तो केवळ नावाचा बदल नव्हता. कुणापुढे वाकायचे आणि कुणापुढे नाही, याचा तो निर्णय होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला हाच निर्णय लाखोंनी प्रतिज्ञा म्हणून उच्चारला. ज्यांनी त्या प्रतिज्ञेपायी गावाचे बहिष्कार सोसले, त्यांना आपल्याच माणसाच्या तोंडून विठ्ठल ऐकताना टोचले, तर त्यांना कोत्या मनाचे म्हणता येणार नाही.

परंतु बाबासाहेबांचा संतपरंपरेशी असलेला व्यवहार आपण समजतो तितका सरळ नव्हता. 'मूकनायक'च्या शिरोभागी १९२० साली त्यांनी तुकोबांचा अभंग छापला. 'बहिष्कृत भारत'वर १९२७ साली ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. रमाईंनी पंढरपूरला जाण्याची इच्छा धरली, तेव्हा त्यांनी नकार दिला, ही हकीकत धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. जी पंढरी आपल्या भक्ताला मूर्तीपर्यंत जाऊ देत नाही ती काय करायची, आपण आपल्या सेवेने आणि त्यागाने दुसरी पंढरी उभारू, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. भक्ताविषयी आदर आणि देवळाविषयी नकार, अशी ही भूमिका आहे. आपण तिच्यातला नकार घेतला. आदर वाटेत कुठेतरी सांडला.

तिसऱ्या विद्यार्थ्याचा तोडगा मात्र मला मान्य नाही. १९५४ साली देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी विठ्ठलमूर्तीविषयी ते मत मांडले होते, हे खरे. पण ते इतिहासाविषयीचे मत होते. या गाण्यातला विठ्ठल आजच्या देवळातला, प्रसाद देणारा विठ्ठल आहे. त्याला बुद्ध ठरवून गाणे पचवणे म्हणजे वाद टाळणे होय.

आता गाणे ऐकू. ते कुणाचे आहे? दारिद्र्याने गांजलेल्या माणसाचे. त्याच्या ताटात भाकर नाही. सगेसोयरे त्याच्याकडे पाठ फिरवतात. तेव्हा त्याची पावले पंढरीकडे वळतात. मराठी भक्तिगीतांत सहसा सावळे रूप, कटीवरचे कर, तुळशीमाळा यांची रेलचेल असते. इथे मात्र रिकामी भाकरी-भांडी आणि तुटलेली नाती आहेत. प्रल्हाददादांचा आवाज याच जागी विलक्षण खरा लागतो. भुकेचे वर्णन ते नटून-थटून करत नाहीत, कढ काढत नाहीत. चालणाऱ्या माणसाच्या लयीत सांगून टाकतात. शब्द दुसऱ्याचे आहेत, पण या ओळींतली भूक गाणाऱ्याच्या ओळखीची आहे, हे कानाला कळते.

आणि इथेच गाणे फसते. भूक त्याने नेमकी पाहिली, पण ती कुणामुळे हे विचारले नाही. देवाच्या प्रसादाने दारिद्र्य नाहीसे व्हावे, अशी आस धरून ते थांबते. मजुरी कुणी बुडवली, जमीन कुणाच्या नावावर आहे, पाठ फिरवणाऱ्यांना कोणता धर्म पाठ फिरवायला शिकवतो, हे प्रश्न त्याच्या वाटेवर येतच नाहीत. दुःखाचे निदान खरे आणि उपाय खोटा, असे हे गाणे आहे. त्याची निम्मी बाजू आपली आहे आणि निम्मी देवळाची.

शिंदे घराण्याचे मूळ गाव मंगळवेढा. परंपरा सांगते की याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, पण महाद्वाराबाहेर, पायरीशी. देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. ज्या वाटेच्या शेवटी आपल्याला सहाशे वर्षे पायरीवर थांबवले गेले, त्या वाटेचे सर्वांत लोकप्रिय गाणे मंगळवेढ्याच्या एका दलित गायकाच्या आवाजात घुमावे, हा केवढा विरोधाभास आहे! गाणाऱ्याचा आवाज देवघरापर्यंत गेला. त्याच्या जातीच्या माणसाला त्या घरांच्या माजघरात पाणी मिळाले का, हे ज्याने-त्याने आपल्या गावापुरते पाहावे.

अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची भजने या संदर्भात आठवतात. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात लिहिले की, गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत असे समजणे ही घोर चूक आहे. ती दुःखाची गाणी आहेत. पुढे १८५५ साली त्यांनी असेही सांगितले की, भजनातला कनान देश म्हणजे त्यांच्या मनात उत्तरेकडचा गुलामीमुक्त मुलूख होता. आपल्या गाण्यात असा छुपा मुलूख नाही, हे कबूल केले पाहिजे. पण दुःख मात्र तेच आहे. ते ऐकू आले नाही, तर दोष आपल्या कानाचा.

हे मी का सांगतो? धम्मदीक्षेनंतर माझ्या पणजोबांनी घरातले देव टोपलीत घालून कयाधूत सोडले. तेव्हा आजी नवी सून होती. त्यानंतर तिने कधी कुठल्या देवाला हात जोडल्याचे कुणाला आठवत नाही. पण गहू निवडताना ती हे गाणे गुणगुणायची. मी नुकताच महाविद्यालयात गेलो होतो, घराण्यातला पहिलाच. प्रतिज्ञा पाठ होत्या, आवाज चढा होता. मी तिला म्हणालो, "आजी, हे गाणं आपलं नाही." ती म्हणाली, "बरं बाबा." पुन्हा ती माझ्यासमोर कधी गायली नाही. आज ती नाही. ती त्या गाण्यातले काय गात होती, विठ्ठल की रिकामे ताट, हे मी तिला विचारले नाही. देव तिने केव्हाच सोडला होता. मी तिच्याकडून तिचे दुःख म्हणण्याची सोयही काढून घेतली.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. गायकाला वाळीत टाकणे बंद करू. वाळीत टाकणे हे गावाचे हत्यार आहे, ते आपल्या हाती शोभत नाही. जयंतीला कलावंत बोलावताना बिदागीत घासाघीस करायची आणि तो दुसऱ्याच्या मंडपात गेला की निष्ठा तपासायची, हा दुटप्पीपणा आहे. मात्र गाण्याला सूट देऊ नये. अभ्यासवर्गात ते लावावे, शब्दन् शब्द ऐकावा, कुठवर आपले आहे आणि कुठून आपले नाही, याची रेघ ओढावी. प्रेम आहे म्हणून टीका टाळणे आणि टीका आहे म्हणून प्रेम नाकारणे, दोन्हीही आळसच.

आम्ही उठलो तेव्हा भोंग्यावर दुसरे गाणे लागले होते. गाडीत ती मुलगी म्हणाली, "सर, रिकाम्या ताटापासून निघालेला माणूस पंढरीलाच का जावा? फाट्यावरून दुसरा रस्ताबी जातो की." मी तिला म्हणालो, ते गाणे आता तू लिही.