‘मला दिसत नाही’ असं इंग्रज म्हणतो तेव्हा

आजचा विषय एका छोट्या वाक्याचा आहे. इंग्रजीत ‘आय सी’ म्हणजे ‘मला दिसतं’, आणि ‘आय सी’ म्हणजेच ‘अच्छा, कळलं’. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली ‘मेटाफर्स वुई लिव्ह बाय’ या पुस्तकात दाखवून दिलं, की रूपक ही काही कवींची खाजगी मालमत्ता नव्हे. आपला रोजचा विचारच रूपकांवर चालतो. ‘समजणं म्हणजे पाहणं’ हे त्यांतलंच एक. मला आज त्याची उलटी बाजू बघायची आहे. न दिसणं, न कळणं इंग्रज कसं सांगतो, आणि ते सांगताना तो नेमकं काय करत असतो?

साठा मोठा आहे. ‘इन द डार्क’ म्हणजे अंधारात, कुणी काही सांगितलेलंच नाही. ‘क्लिअर ॲज मड’ म्हणजे चिखलाइतकं स्वच्छ. इथे दोष सांगणाऱ्याचा, आणि तो टोमणा मारून दाखवलेला. झाडांच्या गर्दीत जंगल दिसत नाही, हे तिसरं. काही वेळा डोळ्यांऐवजी हात येतात. ‘फॅदम’ हे खोली मोजायचं माप, सहा फुटांचं, मुळात पसरलेल्या दोन हातांएवढं. आपल्याकडे त्याला वाव म्हणतात. ‘आय कान्ट फॅदम इट’ म्हणजे आपलं ‘थांग लागत नाही’. इथवर दोन्ही भाषा शेजारी-शेजारी चालतात.

आता व्याकरणाकडे बघा. आपण म्हणतो ‘मला कळत नाही’. यात ‘मी’ कर्ता नाही. कळणं आलं तर माझ्याकडे येतं, नाही आलं तर नाही. दिसणं, आठवणं, भूक लागणं, सगळं ‘मला’ होतं. इंग्रजी वाक्यात मात्र ‘मी’ पुढे उभा असतो, आणि त्याच्या मागे ‘कान्ट’ किंवा ‘फेल’. ‘आय फेल टु सी व्हाय’ हे शब्दशः घेतलं तर ‘का, ते पाहण्यात मी अपयशी ठरतो’. ऐकणाऱ्याला वाटावं, किती नम्र माणूस! पण वाक्याचा खरा अर्थ असतो, ‘तुमच्या म्हणण्यात काही दम नाही’. अपयश व्याकरणात माझं, व्यवहारात तुमचं.

ही युक्ती जुनी आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मधला कास्का सांगतो, की सिसेरो ग्रीकमध्ये काहीतरी बोलला आणि ते आपल्याला ग्रीकच राहिलं. आज हा वाक्प्रचार कुठल्याही न कळणाऱ्या गोष्टीला लावतात. गंमत अशी, की शेक्सपिअरने हे कथानक ज्या प्लुटार्ककडून घेतलं, त्याच्याकडे कास्काला ग्रीक येतं. सीझरवर वार करताना तो भावाला मदतीला हाक मारतो, ती ग्रीकमध्ये. नाटकातला कास्का सोंग करतो आहे की शेक्सपिअरने त्याला वेगळाच घडवला, यावर वाद घालता येईल. पण त्याचा सूर ऐका. त्यात न कळल्याची लाज कुठेच नाही. मला कळलं नाही, आणि कळून घ्यावं असं त्यात काही नव्हतं, अशी ऐट आहे.

दुसरं उदाहरण नेल्सनचं. २ एप्रिल १८०१, कोपनहेगनची लढाई. वरिष्ठ ॲडमिरल हाइड पार्करने लढाई थांबवण्याचा इशारा दिला. नेल्सनने दुर्बीण आपल्या निकामी उजव्या डोळ्याला लावली आणि आपल्याला इशारा दिसत नसल्याचं सांगितलं, अशी कथा आहे. कथेत थोडं मीठमसाला असेल. पण ‘टर्न अ ब्लाइंड आय’ या वाक्प्रचाराशी ती कायमची जोडली गेली. आपण याला डोळेझाक म्हणतो, आणि डोळेझाक करणाऱ्याला बोल लावतो. नेल्सनचा मात्र पुतळा झाला. न दिसणं कुणाला शोभतं, हे तो कोण आहे यावर ठरतं.

माझा मुद्दा इथेच आहे. ‘मला समजत नाही’ हे वाक्य उच्चारणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. परदेशी विद्यापीठात आपला मुलगा शोधनिबंध वाचतो. समोरचे प्राध्यापक शांतपणे म्हणतात, ‘आय ॲम नॉट शुअर आय फॉलो’. मुलाला वाटतं, यांना खरंच ऐकू आलं नसेल, किंवा माझं इंग्रजी कच्चं असेल. तो तेच वाक्य पुन्हा, हळू आणि मोठ्याने म्हणतो. प्रत्यक्षात त्याचा युक्तिवाद फेटाळला गेलेला असतो. पुढे त्याच मुलाने तेच वाक्य प्राध्यापकांना म्हटलं, तर ती कबुली ठरते. वाक्य एकच. एकाच्या तोंडी निकाल, दुसऱ्याच्या तोंडी कमीपणा.

आणि ज्याला खरोखरच दिसत नाही, त्याचं काय? जॉर्जिना क्लीग या अंध लेखिकेने ‘साइट अनसीन’ या १९९९च्या पुस्तकात या भाषेचा समाचार घेतला आहे. इंग्रजीत ‘ब्लाइंड’ म्हणजे अडाणी, बेफिकीर, सारासार विचार नसलेला. मराठीने इथे फार शहाणपणाचा आव आणू नये. ‘अंधश्रद्धा’, ‘आंधळा कारभार’ आपणही सहज बोलतो.

एच. जी. वेल्सची १९०४ची ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ ही कथा मला यासाठी महत्त्वाची वाटते. डोळस नुनेझ अंधांच्या दरीत पोचतो. आता आपण राजा होणार, अशी त्याची खात्री. पण तिथे पाहण्याला शब्दच नाही. तो जे सांगतो ते बरळणं ठरतं, आणि त्यांचा वैद्य निदान करतो की याच्या डोळ्यांनीच याचा मेंदू बिघडवला आहे, ते काढून टाकावेत. न कळणारा कोण, हे डोळ्यांनी ठरत नाही. दरी कुणाची आहे, यावर ठरतं.

म्हणून अनुवादकांना एक विनंती. ‘आय फेल टु सी’ समोर आलं, की आधी विचारा, हा बोलतोय कोण आणि कुणाशी? साहेब कारकुनाला म्हणत असेल, तर ‘यात काय अर्थ आहे?’ असं लिहा. म्हातारी डॉक्टरांना ‘आय कान्ट सी’ म्हणत असेल, तर ‘मला दिसत नाही हो’ एवढंच लिहा. त्या ‘हो’ला इंग्रजीत शब्द नाही, पण तिच्या आवाजात तो असतो.

आता प्रश्न घेऊ या. आणि कुणाला काही कळलं नसेल, तर ते खुशाल मराठीत सांगा.