आडवा पडलेला शेतकरी

'कार्कासोन' या बोर्डगेममध्ये प्रत्येकाकडे खेळवायला ७ माणसं असतात. लाकडी, बोटाच्या पेराएवढी. माणूस नगरात उभा केला की तो सरदार, रस्त्यावर उभा केला की लुटारू (टोलनाक्यावरून रोज जाणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही). शेतात मात्र माणूस उभा करत नाहीत, आडवा झोपवतात. सरदार आणि लुटारू काम संपलं की गुण देऊन हातात परत येतात. शेतकरी डाव संपेपर्यंत उठत नाही.

क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा हा खेळ २००० साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा 'वर्षातला सर्वोत्तम खेळ' हा मोठा पुरस्कार मिळाला. नाव दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या गावाचं. खेळायला अगदी सोपा आहे. एकूण ७२ चौकोनी टाइल्स. पाळी आली की एक उचलायची, आधीच्या टाइल्सना जुळेल अशी लावायची, हवं तर तिच्यावर आपला माणूस ठेवायचा. तट सगळीकडून बंद झाला की नगर पूर्ण, आणि त्यात ज्याची माणसं जास्त त्याला सगळे गुण. बरोबरी झाली तर दोघांनाही पूर्ण. एकाने कमी पडलात तर शून्य. सातबाऱ्यावर सहा वारस असले तरी प्रत्येकाचा हिस्सा भांडणासकट शाबूत राहतो, इथे तसं नाही.

दुसऱ्याचा माणूस असलेल्या जागेत थेट शिरता येत नाही. पण शेजारी सुटी टाइल लावून तिच्यावर आपला माणूस ठेवता येतो आणि मग दोन-तीन पाळ्यांनी मधली टाइल टाकून दोन्ही जागा एक करता येतात. तळेगावात आम्ही रविवारी खेळतो तेव्हा याला 'बांध कोरणं' म्हणतो. 'शेत नेमकं कुठे संपतं?' हा नव्या खेळाडूचा नेहमीचा प्रश्न. पुस्तिकेत त्यावर अर्धं पान आहे. मी सांगतो, रस्ता आणि तट म्हणजे बांध, बांधाला वळसा घालून पलीकडे जाता आलं तर शेत एकच. मावळातल्या मुलांना पुढचं सांगावं लागत नाही.

या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा नियम शेतकऱ्याचा आहे असं मला वाटतं, आणि त्यावरच सगळ्यात जास्त हात फिरलाय. सुरुवातीच्या आवृत्तीत शेवटची मोजणी नगरावरून व्हायची. या नगराभोवतीच्या सगळ्या शेतांत मिळून कोणाचे शेतकरी जास्त? त्याला ४ गुण. नगर एकदाच पैसे देणार, तेही बरोबरी नसेल तर एकालाच. पुढे नियम बदलला. आता मोजणी शेतावरून होते. ज्याचं शेत, त्याला त्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण नगराचे ३ गुण. म्हणजे एकाच नगराला तीन शेतं लागून असतील तर तिन्ही शेतांचा वेगळा हिशोब.

जुन्या नियमात मारामारी जास्त होती, हे खरं. पण नवा नियम बरोबर आहे. त्यात नगर प्रत्येक शेताचं स्वतंत्र देणं लागतं. शिवाय अर्धवट नगराचे शेतकऱ्याला शून्य गुण मिळतात, त्यामुळे नगर पूर्ण व्हावं असं शेतकऱ्यालाच मनापासून वाटतं. कधीकधी आपल्या शेताशेजारचं प्रतिस्पर्ध्याचं नगर आपणच टाइल लावून पुरं करून देतो. शेत आणि शहर एकमेकांच्या विरोधात असायलाच हवं असं नाही, फक्त हिशोब आधी ठरलेला हवा. खेळ हे एका ओळीच्या नियमात करून दाखवतो.

मावळात या ओळीची किंमत कळते. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत येतं आणि पिंपरी-चिंचवड ते खाली रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतं. वाटेतल्या गावांची शेती त्याच नदीवर. शहराने धरणातून थेट बंद जलवाहिनी न्यायची ठरवली, तेव्हा या गावांनी विचारलं, आमच्या नदीचं काय? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. तेव्हा मी शाळेत होतो. खेळाच्या भाषेत बोलायचं तर नगर पूर्ण होत होतं, पण लागून असलेल्या शेतांना त्याचे किती गुण, हे पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणूनच अलीकडच्या आवृत्तीवर माझा राग आहे. तिच्यात शेतकरी मूळ नियमांत नाहीच, पुरवणीत आहे. पहिला डाव त्याच्याशिवाय खेळा, सवय झाली की घ्या, असा सल्ला. कारण समजतं. शेताच्या सीमा डोळ्यांना पटकन दिसत नाहीत, गुण शेवटी एकदम पडतात, आणि तासभर पुढे असलेला खेळाडू मोजणीत मागे गेला की रुसतो. विकणाऱ्याला असा रुसवा परवडत नाही. पण शेतकरी काढला की हिरवा रंग नुसता दोन नगरांमधला भराव उरतो. लोणावळ्यातल्या बंगल्यांच्या जाहिरातीत डोंगर असतो तसा, मागे, छान दिसायला. टाइल कुठे लावायची याचा विचारही निम्मा होतो, कारण रस्ता टाकून कोणाचं शेत तोडायचं, हा प्रश्नच राहत नाही.

विकत घेणार असाल तर पहिल्याच डावात शेतकरी घ्या. पुस्तिकेचं ऐकू नका. समजवायला दहा मिनिटं जास्त लागतील. सातपैकी दोनच माणसं झोपवा, तिसरा फार विचार करून, कारण तो उठणार नाही आणि शेवटी नगरं बंद करायला हात रिकामे राहतील. शेवटच्या मोजणीला मोबाइल बाजूला ठेवा, एकेका शेताच्या कडेने बोट फिरवा आणि लागलेली नगरं मोठ्याने मोजा.