मृत्युलेखांतली माणसे

नटनट्यांच्या निधनाची वार्ता अलीकडे फार घरगुती वाटेने येते. सकाळी भ्रमणध्वनी उघडावा तो दूधवाल्याचा हिशेब, कुणाच्या नातवाला वाढदिवसाचे आशीर्वाद आणि त्यांच्याच मधोमध हार घातलेले एक छायाचित्र. भाजी निवडता निवडता आपण हळहळतो, ‘घरातलेच माणूस गेले’ असे म्हणतो आणि कुकरची शिटी झाली की उठतो. यात गैर काही नाही. ज्यांना जेवणाच्या ताटावर बसून पाहिले त्यांचा शोकही तिथेच होणार. प्रश्न आहे तो या हळहळीच्या शब्दांचा. ‘सोज्ज्वळ’, ‘वात्सल्यमूर्ती’, ‘अमुक फेम’ हे शब्द वृत्तपत्रांनी आपल्या हाती दिले आणि आपणही ते तसेच पुढे चालवले. त्यांत माया आहे. पण त्या मायेखाली कलावंताने केलेले काम दिसेनासे होते.

सुलोचनाबाईंचेच पाहा. बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट हे त्यांचे जन्मगाव. भालजी पेंढारकरांच्या तालमीत त्या घडल्या आणि ४ जून २०२३ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेल्या. दुसऱ्या दिवशी ‘पडद्यावरची आई हरपली’ एवढे एकच वाक्य नाना रूपांनी वाचायला मिळाले. ‘वहिनीच्या बांगड्या’ (१९५३) किंवा ‘एकटी’ (१९६८) आठवणाऱ्यांना ते पटेलही. पण बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’तील (१९५९) चारूचे काय करायचे? अस्पृश्य मानलेल्या जातीतील अनाथ पोर घरी आणून वाढवणारी ही गृहिणी. आल्यागेल्याला तिची ओळख करून देताना ती ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. त्या एका ‘सारखी’त चित्रपटाचा सारा डंख आहे. सुलोचनाबाईंनी चारूला दुष्ट केली असती तर प्रेक्षक सुखाने सुटला असता. त्यांनी ते केले नाही. जिव्हाळा आणि विटाळ हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच सोज्ज्वळ पदराखाली त्यांनी नांदू दिले. इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतून आश्रित पोरींविषयी आणि मोलकरणींच्या लेकींविषयी हा ‘सारखी’ शब्द ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांना ती भूमिका किती अचूक आहे हे निराळे सांगायला नको. अशा अभिनेत्रीला नुसती ‘वात्सल्यमूर्ती’ म्हणणे म्हणजे तिचे सर्वांत धीट काम पुसून टाकणेच होय.

आणखी एक गोष्ट. सुलोचनाबाईंचा जन्म १९२८ चा. ‘सुजाता’त त्यांची पोटची मुलगी झालेल्या शशिकला १९३२ च्या, म्हणजे आईहून अवघ्या चार वर्षांनी धाकट्या, आणि पाळलेली मुलगी झालेल्या नूतन आठ वर्षांनी. तिशी नुकतीच ओलांडलेल्या स्त्रीने ते पोक्तपण आणले कुठून? मृत्युलेखाने विचारावा असा प्रश्न खरे तर हा आहे. सोलापूरच्या शशिकलांची (निधन ४ एप्रिल २०२१) गतही तीच, फक्त उलट्या बाजूने: त्यांच्या वाट्याला ‘खलनायिका’ हा शब्द आला आणि ‘सुजाता’तली निष्कपट, हसरी रमा विसरली गेली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांना या चुकीची एक जादा ओढ आहे. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी सुरू होईपर्यंत पडद्यावर मराठी चेहरा दिसायचा तो बहुधा हिंदी चित्रपटात. श्रेयनामावलीत आडनाव दिसले की ‘ही आपली’ असा पुकारा व्हायचा. त्या पुकाऱ्याने आपल्याला परक्या गावात उब दिली हे मान्य. मात्र आडनाव ओळखले की पाहणे संपले, अशी सवयही त्यानेच लावली. गोव्याच्या आशालता वाबगावकर २२ सप्टेंबर २०२० रोजी करोनाने साताऱ्यात गेल्या. दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणासाठी त्या तिकडे गेल्या होत्या. हिंदी पडद्यावर त्यांना पाहून ‘आपली’ म्हणणाऱ्या किती जणांच्या कानी अभिषेकीबुवांच्या संगीतातली ‘मत्स्यगंधा’ची (१९६४) सत्यवती होती?

अच्युत पोतदारांची गोष्ट तर मध्य प्रदेशातील मराठी मंडळींना अधिकच जवळची. जन्म जबलपूरचा, रीव्याला प्राध्यापकी, मग सैन्यात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये दीर्घ नोकरी. आणि चाळिशी उलटल्यावर, ती नोकरी सांभाळून, चित्रपट. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ते गेले तेव्हा सव्वाशेच्या आसपास चित्रपट त्यांच्या नावावर होते. तरीही मथळा होता: ‘थ्री इडियट्स फेम’. (हा ‘फेम’ शब्द मराठीत कोणी आणला असेल त्याला माझा दंडवत. माणसाचे सारे आयुष्य एका चित्रपटाच्या शेपटीला बांधायला याहून सोयीचा दोर नाही.) ‘माझा होशील ना’मधले अप्पा रोज संध्याकाळी पाहिलेल्या आजीबाईंनाही तो मथळा वाचून आधी हे कोण ते उमगले नसेल.

पण त्या चित्रपटातला (२००९) प्रसंग पुन्हा पाहावा. यंत्राची व्याख्या विचारणारा प्राध्यापक. सोप्या भाषेत उत्तर देणाऱ्या मुलाला तो वर्गाबाहेर काढतो. काही मिनिटांचे काम. विनोदी नटाने इथे डोळे फिरवले असते, आवाज चढवला असता. पोतदार तसे काही करत नाहीत. त्यांच्या प्राध्यापकाची पुस्तकावर निखळ श्रद्धा आहे आणि आपण विनोदी प्रसंगात आहोत याची त्याला कल्पनाच नाही. हसू येते ते त्यामुळे. हे नेमकेपण त्यांनी चित्रपटसृष्टीत मिळवले, की फळ्यापुढे उभे राहिलेल्या वर्षांतून बरोबर आणले? रीव्याला त्यांच्या हाताखाली शिकलेले कोणी आपल्या वाचकांत असतील, तर त्यांनी त्या वर्गाविषयी चार पाने अवश्य लिहून पाठवावीत.